सात चौकोन

जेकार्डच्या जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या
राजेशम मामाने कात्रीने कापल्या.
शंभर चौकोन. भोकं चुकवून
शाईने अक्षरं घातली.
ओ लिहावा लागला नाही.
भोक होतं तिथे ओ.

कन्ना चौकामागच्या बोळात,
मे महिन्यात फरशीवर पाणी मारून
(पाणी आलं असेल त्या दिवशी)
आम्ही खेळायला बसायचो:
मामा, मी, शेजारचा इरफान,
आणि लूम बंद असले तर त्याचे अब्बू.
आई उंबऱ्यात, मांडीवर सूप.
पान, तंबाखू, दोरा.
पान, तंबाखू, दोरा.

मामा म्हणायचा, "ए पोरी,
शब्द पुढून शोधू नको.
टॉवेल कशावरून ओळखतात? काठावरून.
टी, आय, ओ, एन हाती आले
की उजवीकडे लावून ठेव, उधळू नको.
पोट मागाहून विणता येतं."

काठ एक, पोटं निराळी.
स्टेशन. सेक्शन. ऑक्शन.
साती चौकोन एकदम उतरले
की वर पन्नास.
रेशन मात्र सहाच अक्षरांचं,
कायम एकाने कमी पडायचं.
फॅशन सातात बसते, पण पोटात एच लपवून.
कुशनही तसलंच.
टेन्शनच्या काठाला एस,
अटेन्शनच्या काठाला टी.
का, असं इरफानने विचारलं
तर अब्बू म्हणाले, "इंग्रजाला विचार.
पण तो तर गेला."

एकदा आई दाताने दोरा तोडत म्हणाली,
"दर्शन."
आम्ही लोळलो हसून.
मामा हसला नाही. वही ओढून म्हणाला,
"अक्का, मार्क किती मांडू?"
"एक कट्टा मांड," आई म्हणाली,
आणि मामाने तिच्या नावावर पंचवीस मांडले.
त्या पानावर ते अजून आहेत.

मिलमधली यंत्रं लिलावात गेली
तेव्हा मी पाचवीत होते.
मामा सात रस्त्याजवळच्या कचेरीत खेपा घालायचा.
एकदा शिक्का नव्हता.
एकदा फोटोत कान दिसत नव्हता.
एकदा नावच चुकलं:
राजेशमचं कुणीतरी
राजेश एम. करून टाकलं होतं.
एम म्हणजे काय, कारकुनाने विचारलं,
आणि मामाला सांगता येईना.

त्याच उन्हाळ्यात, एका संध्याकाळी
मामाने एकेक करून मांडले:
पी. ई. एन. टी. आय. ओ. एन.
शेवटचा चौकोन अंगठ्याने दाबला.
"पेन्शन. सात. वर पन्नास."
एवढा खूश मी त्याला
बोनसच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मी इंग्लिश मीडियमची, पहिल्या बाकावरची.
"मामा, टी नाही. एस."
इरफान कव्हर गेलेली डिक्शनरी घेऊन आला.
मामाने शब्दाखाली बोट धरलं,
बराच वेळ उचललं नाही.
सूप थांबलं होतं.
मग त्याने सातही चौकोन
एका मुठीत गोळा केले.
"हां. अर्ज परत आला," म्हणाला.
"दुरुस्त करून पुन्हा टाकू."
डाव त्याचा गेला, माझी पाळी आली.
मी काय लावलं ते आठवत नाही.
जिंकले मीच.

कचेरीचं शेवटचं पाकीट
मामीने अंगठा देऊन घेतलं.
आत पुन्हा कोरा अर्ज.

आता मी फोनवर खेळते, रात्री उशिरा,
कुठल्या कोण देशातल्या माणसाशी.
चार अक्षरं आली की अजून उजवीकडे सरकवते.
आणि पी, ई, एन मिळाले,
एस हाताशी असला, तरी
आधी टी लावून बघते.
स्क्रीन लाल होते.
असा शब्द नाही.
माहीत आहे, मी म्हणते,
आणि सातही उचलून घेते.